तबकडी शाबूत, दुभाषी गैरहजर

व्यापारी घराण्यांत कागद जपण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. दिवाळीच्या मुहूर्तावर पूजलेल्या चोपड्या वर्ष सरल्यावर लाल कापडात बांधून माळ्यावर जात आणि आजोबांच्या हातचा रोजमेळ नातवालाही पाहावयास मिळे. १ एप्रिल २००५ रोजी महाराष्ट्रात मूल्यवर्धित कर, म्हणजे व्हॅट, लागू झाला आणि त्या सुमारास आपल्या तालुक्याच्या गावांतील अनेक पेढ्यांवर संगणक आणि टॅली यांनी बैठक मारली. मार्चअखेर हिशेब पुरा झाला की त्याची प्रत सीडीवर उतरवायची, वर पेनाने वर्ष लिहायचे आणि ती तबकडी तिजोरीत ठेवायची, असा नवा शिरस्ता पडला. त्याच काळातील लग्नांचे चित्रण, वास्तुशांतीची छायाचित्रे, आता हयात नसलेल्या वडीलधाऱ्यांचे बोलणे, वाटणीपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती हे सारे तबकड्यांवरच उतरले.

आज नव्या लॅपटॉपला बहुधा तबकडीचा कप्पाच नसतो. त्यामुळे त्या सगळ्या ठेव्याची किल्ली दुकानाच्या कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या झाकणाखाली उभ्या असलेल्या एका जुन्या संगणकाच्या हाती राहिली आहे. आणि एखाद्या दिवशी नेमका तोच संगणक सांगतो की, आपल्यापाशी सीडी ड्राइव्ह नावाची वस्तूच नाही. ‘माय कंप्युटर’ उघडला की सी आणि डी हे कप्पे दिसतात, तबकडीचा कप्पा मात्र बेपत्ता. घरातील तरुण म्हणतात, ‘ड्राइव्ह जळाला.’ दुरुस्तीवाला म्हणतो, ‘डबाच बदला.’ मोठी माणसे मनातल्या मनात त्या पंधरा वर्षांवर पाणी सोडतात.

बँकेच्या नोकरीत आणि निवृत्तीनंतर परिचितांच्या पेढ्यांवर असे अनेक संगणक पाहिल्यावर एक गोष्ट मी खात्रीने सांगू शकतो. अशा प्रसंगी पुष्कळदा ड्राइव्हही धड असतो आणि तबकडीही. बिघाड असतो तो त्या दोहोंच्या मध्ये बसलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या ‘ड्रायव्हर’मध्ये, आणि त्याची दुरुस्ती एक रुपयाही खर्च न करता होऊ शकते.

ड्रायव्हर म्हणजे कोण?

हा ड्रायव्हर गाडी हाकणारा नव्हे. ड्राइव्ह हे यंत्र आहे. त्याची भाषा निराळी. विंडोज ही संगणकाचा कारभार पाहणारी प्रणाली. तिची भाषा निराळी. या दोघांत निरोपांची देवाणघेवाण करणारा छोटासा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर. त्याला आपण दुभाषी म्हणू.

आपल्या समाजातील वृद्धांना मुडिया लिपी आठवत असेल. काना-मात्रा न देता झरझर हिशेब लिहिण्याची ती महाजनी लिपी होती. ‘काकाजी अजमेर गये’ असे लिहिलेले पत्र ‘काकाजी आज मर गये’ असे वाचले गेले आणि घरात रडारड झाली, ही कथा आपण लहानपणी ऐकलेली आहे. तेथे पत्र खोटे नव्हते, लिहिणाराही चुकला नव्हता. वाचणारा अडखळला होता. संगणक जेव्हा ‘ड्राइव्ह नाही’ असे म्हणतो, तेव्हा पुष्कळदा तो ‘आज मर गये’च वाचत असतो.

याचे थोर उदाहरण आपल्या अमरावतीशी निगडित आहे. षट्खंडागमावरील ‘धवला’ टीकेच्या ताडपत्रीय प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे शतकानुशतके जपल्या गेल्या होत्या. परंतु त्यांची लिपी जुनी कन्नड. ती वाचू शकणारे थोडे. त्या मजकुराचे देवनागरीत लिप्यंतर झाले आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात अध्यापन करणाऱ्या डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ साली त्याचा पहिला खंड अमरावतीहून प्रकाशित झाला. ताडपत्र टिकणे पुरेसे नसते. त्याचा वाचक टिकावा लागतो आणि वेळ असेपर्यंत नवी प्रत करावी लागते. सीडीच्या बाबतीत नेमके हेच दोन धडे लागू पडतात.

आधी निदान, मग औषध

प्रथम दोष यंत्राचा की दुभाष्याचा, हे ठरवावे. त्यासाठी पेचकस लागत नाही.

ड्राइव्हचे बटण दाबून पाहावे. कप्पा बाहेर आला आणि दिवा लागला, तर वीजपुरवठा ठीक आहे. कप्पा अडकला असेल तर संगणक बंद करून, वायर काढून, ड्राइव्हच्या दर्शनी भागावरील बारीक छिद्रात सरळ केलेली कागदाची पिन हळूच दाबावी. कप्पा थोडा पुढे सरकतो आणि मग हाताने ओढता येतो.

दुसरी परीक्षा महत्त्वाची. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ यांपैकी जी कळ लागू असेल ती दाबत राहावे. विंडोज जागी होण्यापूर्वीचा ‘बायॉस’ नावाचा पडदा उघडतो. तेथे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत ड्राइव्हचे नाव दिसले, तर यंत्र जिवंत आहे आणि दोष विंडोजच्या अंगणात आहे. तेथेही नाव नसेल, तर आतील वायर सैल झालेली असण्याचा संभव अधिक. जुन्या यंत्रांत ही वायर रुंद, चपट्या पट्टीसारखी असते. धूळ आणि उंदीर हे तिचे दोन शत्रू आपल्याकडे मुबलक आहेत. एकाच पट्टीवर हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह जोडलेले असतील, तर एकास ‘मास्टर’ व दुसऱ्यास ‘स्लेव्ह’ ठरवणारी, ड्राइव्हच्या मागील बाजूची इवलीशी टोपी योग्य जागी आहे ना, हेही जाणकाराकडून पाहून घ्यावे.

तिसरी परीक्षा तबकडीची. ड्राइव्ह दिसतो, एक तबकडी उघडत नाही पण बाकीच्या उघडतात, तर दोष त्या तबकडीचा. सगळ्या सीडी चालतात आणि डीव्हीडी मात्र एकही चालत नाही, किंवा याच्या उलट, तर भिंगावरील धूळ अथवा थकलेला लेसर कारण असू शकतो. कारण सीडी वाचणारा किरण आणि डीव्हीडी वाचणारा किरण हे दोन वेगळे असतात. अशा ठिकाणी ड्रायव्हरला दोष देऊन उपयोग नाही.

पिवळा त्रिकोण

यंत्र जिवंत ठरले की विंडोजमधील ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावा. ‘माय कंप्युटर’वर उजवे बटण दाबून ‘मॅनेज’ म्हटले की डाव्या बाजूस तो सापडतो. त्यातील ‘डीव्हीडी/सीडी-रॉम ड्राइव्ह्ज’ या ओळीखाली ड्राइव्हच्या नावापुढे उद्गारचिन्हासह पिवळी खूण असेल, तर त्या नावावर दोनदा क्लिक करावे. तेथे एक संकेतांक लिहिलेला असतो. तो कागदावर उतरवून घ्यावा.

संकेतांक १९, ३१, ३२, ३९ किंवा ४१ असेल, तर बहुतांश वेळा आपण योग्य वाटेवर आहोत. १९ म्हणजे नोंदवहीतील मजकूर अपुरा किंवा बिघडलेला. ३९ म्हणजे ड्रायव्हर गहाळ किंवा खराब. हा दोष इतका सार्वत्रिक होता की खुद्द मायक्रोसॉफ्टने त्यावर स्वतंत्र मार्गदर्शन प्रसिद्ध केले होते.

कारण समजून घेण्यासारखे आहे. सीडी लिहिणारी सॉफ्टवेअरे संगणकात बसताना विंडोजच्या दुभाष्याच्या शेजारी आपापले मदतनीस बसवीत. त्यांस ‘फिल्टर’ म्हणतात. दुभाष्याच्या वर बसणारा तो अप्पर फिल्टर, खाली बसणारा तो लोअर फिल्टर. पुढे ते सॉफ्टवेअर काढून टाकले किंवा विंडोजची आवृत्ती बदलली, की मदतनीस निघून जातो. पण हजेरीपटावर त्याचे नाव तसेच राहते. विंडोज रोज सकाळी त्याच्या नावाने पुकारा करते, उत्तर येत नाही, आणि मग ती सबंध ड्राइव्हच कामावर घेण्याचे नाकारते. बँकेत बदलून गेलेल्या अधिकाऱ्याची स्वाक्षरी नमुनापत्रावरून काढली नाही, तर काउंटरवर जसा घोळ होतो, तसाच हा प्रकार.

दोन भाऊ आणि अकरा तबकड्या

चांदूर बाजारातील एका पेढीवरचा प्रसंग येथे सांगणे उचित वाटते. नाव-गाव ओळखू येईल असे काही लिहीत नाही. दोघे भाऊ सलोख्याने वेगळे व्हावयाचे ठरले होते. धाकट्याचे म्हणणे, पत्नीचे दागिने मोडून मी पेढीत भांडवल घातले. थोरल्याची आठवण अशी की, ती रक्कम उसनी होती आणि फेडलीही गेली. खरे काय ते जुन्या टॅलीत होते. जुनी टॅली अकरा सीडींवर होती. आणि सीडी वाचणारा एकमेव संगणक थोरल्याच्या ताब्यात होता. नेमका त्यातील ड्राइव्ह दिसेनासा झाला.

पुढे काय झाले असेल, ते वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. आठवडाभर घरात कुणी काही बोलले नाही, पण सगळ्यांनी तेच मनात आणले. धाकट्याच्या सासरहून फोन येऊ लागले. थोरले माझ्याकडे आले तेव्हा म्हणाले, “साहेब, ड्राइव्ह मी बिघडवला असं लोक समजतात. चाळीस वर्षं गल्ल्यावर बसलो, कुणाचा रुपया इकडचा तिकडे केला नाही.” धाकट्यांना मी मुद्दाम बोलावून घेतले आणि दोघांनाही पडद्यासमोर शेजारी शेजारी बसवले.

कप्पा उघडत होता. बायॉसमध्ये ड्राइव्हचे नाव होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळी खूण आणि संकेतांक ३९. चौकशीअंती कळले की, संगणक मंद झाला म्हणून मुलांपैकी कुणीतरी दोन महिन्यांपूर्वी काही सॉफ्टवेअरे काढून टाकली होती. त्यांत सीडी लिहिण्याचे एक सॉफ्टवेअर होते. हजेरीपटावरील ते अनाथ नाव काढले, संगणक पुन्हा सुरू केला, आणि ड्राइव्ह आपल्या जागी आला. सारे मिळून पाऊण तासाचे काम.

अकरांपैकी दहा तबकड्या उघडल्या. अकरावी बराच काळ खिडकीपाशी उन्हात राहिलेली होती. ती उघडली नाही. त्या वर्षापुरता कर सल्लागाराकडील छापील ताळेबंद वापरावा लागला. भांडवल खात्यात धाकट्याची रक्कम जमा होती. आणि पुढील दोन वर्षांत तिच्यातील निम्मी त्याच्याच नावे उचललेलीही होती. दोघांच्याही आठवणीत खऱ्याचा अर्धा भाग होता. हिशेब त्याच संध्याकाळी मिटला. तो आठवडा मात्र त्या घराच्या लक्षात राहील. यंत्रातील दोषाचे वेळीच निदान झाले नाही, तर तो माणसांवर जातो, एवढे यातून घ्यावे.

दुरुस्तीचा क्रम

पहिला उपाय सर्वांत सोपा आणि निर्धोक. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्हच्या नावावर उजवे बटण दाबून ‘अनइन्स्टॉल’ करावे आणि संगणक पुन्हा सुरू करावा. घाबरू नये, यात तबकडीवरील किंवा हार्ड डिस्कवरील काहीही पुसले जात नाही. सीडी ड्राइव्हचा मूळ दुभाषी विंडोजच्या पोटातच असतो. ती ड्राइव्हला नव्याने ओळखते आणि त्याला पुन्हा कामावर बसवते.

त्याने न भागल्यास दुसरा उपाय, म्हणजे हजेरीपट दुरुस्त करणे. या हजेरीपटास ‘रजिस्ट्री’ म्हणतात. ती संगणकाची मूळ खतावणी आहे. तेथे खाडाखोड करण्यापूर्वी प्रत ठेवलीच पाहिजे. प्रथम ‘सिस्टिम रिस्टोर’मधून परतीचा एक बिंदू तयार करावा. मग विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबून येणाऱ्या चौकटीत आर, ई, जी, ई, डी, आय, टी ही सात इंग्रजी अक्षरे टंकून एंटर दाबावे. उघडलेल्या पडद्यावर एचकी लोकल मशीन, त्यात सिस्टिम, त्यात करंट कंट्रोल सेट, त्यात कंट्रोल आणि त्यात क्लास, असे एकेक दार उघडत जावे. क्लासच्या आत महिरपी कंसांतील लांबलचक आकडी नावांची रांग दिसेल. आपले दार ४डी३६ई९६५ या अक्षरांनी सुरू होते. त्यावर क्लिक केल्यावर उजवीकडे ‘क्लास’ या नोंदीपुढे ‘सीडीरॉम’ असे दिसले पाहिजे. ते दिसले नाही, तर आपण चुकीच्या दारात आहोत.

योग्य दार सापडले की त्यावर उजवे बटण दाबून ‘एक्स्पोर्ट’ करावे आणि दिनांक घालून ती प्रत डेस्कटॉपवर ठेवावी. काही बिनसले तर त्या प्रतीवर दोनदा क्लिक केल्याने जुन्या नोंदी परत येतात. त्यानंतर उजव्या बाजूच्या ‘अप्परफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या दोनच नोंदी, जी असेल ती, काढाव्यात. नावापुढे ‘बॅक’ असे शेपूट असलेल्या नोंदीस हात लावू नये. संगणक पुन्हा सुरू करावा. सीडी लिहिण्याचे एखादे सॉफ्टवेअर अजून वापरात असेल आणि यानंतर चालेनासे झाले, तर ते पुन्हा बसवावे.

एक सूचना ठळक अक्षरांत वाचावी. ४डी३६ई९६७ हे शेजारचे दार हार्ड डिस्कचे आहे, तर शेवटी ९६बी आणि ९६एफ असलेली दारे अनुक्रमे कीबोर्ड आणि माउसची. तेथेही ‘अप्परफिल्टर्स’ याच नावाची नोंद असते, आणि ती तेथे आवश्यक असते. ती काढली तर संगणक सुरूच होणार नाही किंवा कीबोर्ड-माउस मुके होतील. म्हणून हे काम एकट्याने करू नये. एकाने वाचावे, दुसऱ्याने करावे. बँकेत एक नोंद लिहितो आणि दुसरा तपासून मान्यता देतो. त्या शिस्तीने पुष्कळ घात टळलेले मी पाहिले आहेत.

जुना संगणक विंडोज ७ वरून १० वर नेल्यानंतर ड्राइव्ह नाहीसा झाला असेल आणि वरील नोंदी तेथे मुळातच नसतील, तर तिसरा उपाय आहे. रजिस्ट्रीतील करंट कंट्रोल सेटमध्ये सर्व्हिसेस, त्यात ए-टी-ए-पी-आय या दाराखाली ‘कंट्रोलर०’ नावाचे नवे दार करून त्यात ‘एनमडिव्हाइस१’ ही डीवर्ड प्रकारची नोंद घालावी आणि तिचे मूल्य १ ठेवावे. नावांतील इंग्रजी अक्षरे व आकडे मध्ये जागा न सोडता लिहावे लागतात; तेव्हा हे काम घरातील संगणक शिकलेल्या मुलामुलीकडून करवून घेणे बरे.

आणखी दोन सामान्य तक्रारी

ड्राइव्ह चालतो, पण सीडी उघडण्यास दहा मिनिटे लागतात आणि संगणक गोठून जातो, ही विंडोज एक्सपीच्या यंत्रांवरील नेहमीची तक्रार. खराब तबकडी वाचताना वारंवार चुका झाल्या की विंडोज त्या ड्राइव्हला सावधगिरीने ‘पीआयओ’ या संथ पद्धतीवर टाकते आणि नंतर तबकडी बदलली तरी तेथून परत आणत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधील आयडीई कंट्रोलर्सच्या यादीत ज्या वाहिनीवर सीडी ड्राइव्ह आहे, बहुधा ‘सेकंडरी आयडीई चॅनेल’, ती अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू केल्यास पूर्वीची गती परत येते.

दुसरी तक्रार पत्त्याची. आपल्या जिल्ह्यात चांदूर बाजार आणि चांदूर रेल्वे अशी दोन गावे असल्यामुळे पाकिटावर नुसते ‘चांदूर’ लिहिले तर पत्र कुठे जाईल याचा नेम नाही. संगणकातही पेन ड्राइव्ह किंवा नेटवर्कचा कप्पा सीडी ड्राइव्हचेच अक्षर घेऊन बसतो. अशा वेळी ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये ड्राइव्ह दिसतो, पण ‘माय कंप्युटर’मध्ये नाही. तेथे त्याच्या नावावर उजवे बटण दाबून त्याला रिकामे असलेले वेगळे अक्षर द्यावे. जुने एखादे सॉफ्टवेअर ठरावीक अक्षरावरच तबकडी शोधत असेल, तर मात्र पूर्वीचेच अक्षर परत द्यावे लागते.

सावधानता

ड्रायव्हर शोधून देतो, असे सांगणारी मोफत सॉफ्टवेअरे इंटरनेटवर ठिकठिकाणी दिसतात. साध्या सीडी-डीव्हीडी ड्राइव्हसाठी वेगळा ड्रायव्हर डाउनलोड करण्याची गरजच नसते. तो विंडोजमध्ये असतो. अशा सॉफ्टवेअरच्या आडून नको ते पाहुणे आत येतात.

‘आम्ही दुरून दुरुस्त करून देतो’ म्हणणाऱ्या अनोळखी फोनवाल्यास संगणकाचा ताबा कदापि देऊ नये. एनीडेस्कसारख्या दूरनियंत्रक ॲपचा वापर करून खात्यांतून पैसे काढले जात असल्याचा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच दिला होता. दुरुस्तीसाठी संगणक बाहेर पाठवावा लागला, तर सोबत घरचा माणूस बसवावा. आत गिऱ्हाइकांची येणी-देणी आहेत.

जुन्या संगणकाचे इंटरनेट काढून ठेवणे उत्तम. विंडोज एक्सपीचे सुरक्षा-साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. अशा यंत्रावरून बँकेचे व्यवहार करू नयेत. तबकड्या वाचण्यापुरते ते ठेवावे.

ड्राइव्ह परत आला. आता प्रत करा

ड्राइव्ह सुरू झाला की लोक समाधानाने संगणकावर पुन्हा झाकण घालतात. वास्तविक खरे काम येथे सुरू होते. घरी लिहिलेल्या सीडीवरील मजकूर रंगद्रव्याच्या थरात असतो. ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी तो थर फिका पडतो. आपल्याकडील पंचेचाळीस अंशांचा वैशाख आणि पत्र्याखालचे गोदाम त्याला मानवत नाही. सीडीचा चमकदार थर नावाच्या बाजूस अगदी वर असतो, म्हणून टोकदार पेनाने नाव लिहिल्यानेही तबकडी जखमी होते. पुसावयाची झाल्यास मऊ, स्वच्छ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल घासू नये.

सीडीत सुमारे ७०० एमबी आणि साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मजकूर मावतो. म्हणजे चाळीस सीडींचा संग्रह ३२ जीबीच्या एका पेन ड्राइव्हमध्ये बसतो. प्रत्येक तबकडीसाठी वर्षाच्या नावाचा वेगळा फोल्डर करून सर्व मजकूर जसाच्या तसा उतरवावा. लग्नाच्या जुन्या व्हीसीडीत चित्रण ‘एमपेगएव्ही’ या फोल्डरात आणि डीव्हीडीत ‘व्हिडिओ टीएस’ या फोल्डरात असते. सबंध फोल्डर उचलावा. व्हीएलसी हे मोफत सॉफ्टवेअर या दोन्ही प्रकारच्या फायली दाखवते.

टॅलीच्या बाबतीत नुसती प्रत पुरेशी नाही. ७.२ या जुन्या आवृत्तीतील हिशेब आजच्या टॅली प्राइममध्ये थेट उघडत नाहीत. ते आधी रूपांतरित करून घ्यावे लागतात. जुना संगणक चालू आहे तोवरच ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, रोजमेळ आणि महत्त्वाच्या खात्यांचे उतारे पीडीएफमध्ये किंवा कागदावर काढून ठेवावेत, म्हणजे पुढे टॅली असो वा नसो, हिशेब वाचता येईल. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने जपावी लागतात; अपील किंवा चौकशी चालू असल्यास त्याहूनही अधिक काळ. कौटुंबिक वाटणी, वारसा आणि मालमत्तेच्या खरेदीचा पुरावा यांना तर अशी कालमर्यादाच नाही.

प्रती तीन असाव्यात, दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक तरी घराबाहेर असावी. पेढीवर हार्ड डिस्क, घरी पेन ड्राइव्ह आणि पुण्या-नागपुरात शिकणाऱ्या मुलाकडे तिसरी प्रत, एवढी व्यवस्था कोणत्याही घराला झेपण्यासारखी आहे. बँकेच्या लॉकरमध्येही एक प्रत ठेवता येते.

अंतर्गत ड्राइव्ह खरोखरच निकामी ठरला, तरी वाट बंद होत नाही. यूएसबीने जोडावयाचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह हजार-दोन हजार रुपयांच्या घरात मिळतो आणि नव्या लॅपटॉपलाही चालतो; त्यालाही विंडोजमधील तोच दुभाषी लागतो, वेगळा नाही. जुन्या संगणकाच्या पुढील बाजूच्या यूएसबीतून त्यास कधी कधी पुरेशी वीज मिळत नाही, म्हणून तो मागील बाजूस जोडावा. दोन-चार नातेवाइकांनी मिळून असा एक ड्राइव्ह घेतला आणि आळीपाळीने वापरला, तरी पुरे.

कामाची सुरुवात एका साध्या वहीने करावी. तिजोरीतील सर्व तबकड्या बाहेर काढून त्यांना क्रमांक द्यावा. क्रमांक, वर्ष, आत काय आहे, उघडली की नाही आणि प्रत कोठे ठेवली, असे पाच रकाने आखावेत. घरातील वडीलधाऱ्यांनी तबकडीवर काय आहे ते सांगावे आणि मुलांनी ती उतरवून घ्यावी. ज्या उघडणार नाहीत त्या फेकू नयेत. वेगळ्या ठेवून दुसऱ्या ड्राइव्हवर पुन्हा पाहाव्यात, कारण एका ड्राइव्हने नाकारलेली तबकडी दुसरा कधी कधी वाचतो. येत्या दिवाळीच्या वहीपूजनात नव्या चोपडीशेजारी ही वहीही ठेवावयास हरकत नाही.